हाडांची परांची

श्रोतेहो, मराठीत खऱ्या, जातिवंत माणसाला आपण 'हाडाचा' म्हणतो. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक, हाडाचा कलावंत. एखादी सवय सुटत नसेल तर ती हाडीमाशी खिळली आहे म्हणतो. कुणी फार कष्ट उपसले की त्यानं हाडाची काडं केली म्हणतो. पण याच हाडाला आपण 'अस्थी' म्हटलं की डोळ्यांसमोर एकदम कलश येतो आणि नदी येते. एकाच वस्तूला आपल्या भाषेनं अशी दोन टोकं दिली आहेत. माणसातलं सगळ्यात खरं ते हाड, आणि माणूस गेल्यावर मागे उरतं तेही हाडच. या दुसऱ्या टोकामुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे. मांस जिवंत, रक्त जिवंत, आणि हाड म्हणजे घराच्या तुळईसारखा शरीरातला निर्जीव आधार. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याची सुरुवात ही समजूत बाजूला ठेवण्यापासून होते.

विषय असा. अपघातात, आजारात किंवा शस्त्रक्रियेत हाडाचा मोठा तुकडा गेला, तर ती जागा पुन्हा हाडानंच कशी भरून काढायची? त्यासाठी शास्त्रज्ञ हाडाची नक्कल करणारे सच्छिद्र पदार्थ तयार करतात. त्यांना 'बायोमिमेटिक स्कॅफोल्ड' म्हणतात. बायोमिमेटिक म्हणजे निसर्गाची नक्कल करणारं. आणि स्कॅफोल्ड म्हणजे आपली परांची. इमारतीला गिलावा करताना, रंग देताना गवंडी बांबू आणि काथ्यानं बांधतात ती परांची. मी कविता लिहिणारा माणूस, विज्ञानाचा पदवीधर नव्हे. पण हा शब्द ज्यानं निवडला त्यानं फार नेमका निवडला आहे, एवढं मला नक्की म्हणता येईल.

आधी हाड समजून घेऊ. घरी करता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये, म्हणजे आमच्याकडे ज्याला सिरका म्हणतात त्यात, चार-पाच दिवस बुडवून ठेवा. मधे एकदा सिरका बदला. बाहेर काढलेलं हाड दिसायला तसंच असतं, पण ते रबरासारखं वाकतं. सिरक्यातल्या आम्लानं त्यातलं खनिज विरघळवून नेलं, आणि मागे राहिलं ते कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन. याच्या उलट, हाड भट्टीत जाळलं तर प्रथिन जळून जातं आणि खनिज उरतं. त्याचाही आकार तसाच असतो, पण बोटानं दाबलं तर भुगा होतो. म्हणजे नुसतं प्रथिन वाकतं, नुसतं खनिज फुटतं. दोन्ही एकत्र आली की मगच ते हाड होतं.

वजनानं पाहिलं तर हाडाचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग खनिज असतो. पाव हिस्सा किंवा थोडं अधिक प्रथिन, आणि उरलेलं पाणी. खनिजाचं नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. ते कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं बनलेलं असतं. पण नुसती यादी सांगून हाड कळत नाही. वाळू, सिमेंट आणि पाणी यांची यादी म्हणजे घर नव्हे. कोलॅजनचे धागे एकमेकांत पीळ घालून दोर होतात, त्या दोरांच्या फटींत खनिजाचे अतिसूक्ष्म पत्रे बसतात, दोरांचे थर होतात, थरांच्या नळ्या होतात, आणि त्या नळ्यांतून रक्तवाहिन्या धावतात. बाहेरून टणक कवच आणि सांध्याजवळच्या टोकांना आत स्पंजासारखी जाळी. या रचनेच्या पायऱ्या मोजणाऱ्यांनी सात मोजल्या आहेत.

आणि या रचनेत सतत काम चालू असतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही पेशी तिथं नवं हाड रचतात. पाडकाम करणारी एक टोळी आणि मागोमाग येणारी गवंड्यांची दुसरी टोळी. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. काम कुठं करायचं हे ओझ्यावर ठरतं. बर्लिनचे शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. ज्या दिशेनं भार येतो त्या दिशेनं हाड स्वतःला बळकट करतं, आणि भार गेला की झिजतं. अंतराळवीरांना भार नसतो, म्हणून त्यांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास कमी होते. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचंही तेच होतं.

हे जिवंतपण नसतं तर मोडलेलं हाड कधीच जुळलं नसतं. हाड मोडलं की त्या जागी आधी रक्ताची गाठ होते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मऊ कूर्चा तयार होते, कूर्चेचं कच्चं हाड होतं, आणि पुढचे अनेक महिने त्या कच्च्या हाडाला तासून मूळ आकार दिला जातो. कातडी कापली तर व्रण राहतो. हाड नीट जुळलं तर कालांतरानं त्या जागी फक्त हाडच असतं. पूर्वीचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधायचा. डच लष्करी डॉक्टर मॅथायसन यांनी १८५२ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा आणला. आज सळई घालतात, प्लेट बसवतात. साधनं बदलली, पण यांतल्या कशानंही हाड 'जोडलं' जात नाही. ही साधनं हाडाला सरळ आणि स्थिर धरून ठेवतात. जोडतं शरीरच.

मग अडतं कुठं? अंतर फार झालं की अडतं. दोन टोकांमध्ये काही सेंटिमीटरची पोकळी पडली तर गवंडी पलीकडे पोचूच शकत नाहीत. ती जागा तंतुमय मांसानं भरते आणि हाड कायमचं तुटलेलं राहतं. मोटारसायकलच्या अपघातात नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं, त्यात माती जाते, जंतू शिरतात, सडलेला भाग डॉक्टरांना काढून टाकावा लागतो. कुणाच्या हाडात क्षयाची पोकळी होते, कुणाच्या हाडात गाठ निघते. गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्यांचा जबडाच काढावा लागतो. हे सगळे रुग्ण आपल्या आजूबाजूला आहेत. पाय वाचला पण उभं राहता येत नाही, जीव वाचला पण घास चावता येत नाही, ही त्यांची अडचण. हातावर पोट असलेल्या घरात अशा एका हाडावर पाच माणसांचं जेवण अवलंबून असतं.

अशा वेळी आजही सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाचं स्वतःचं हाड. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून थोडं काढून ते पोकळीत भरतात. जबड्यासाठी पायातलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून बसवतात. त्यात खनिज आहे, प्रथिन आहे, जिवंत पेशी आहेत, आणि शरीराला ते परकं नाही. पण एक दुखणं बरं करायला दुसरी जखम करावी लागते. आणि कमरेत हाडाची खाण नाही, मिळतं ते मोजकंच. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर फारच मोजकं.

दुसऱ्या माणसाचं हाड चालेल का? ग्लासगोचे विल्यम मॅकएवेन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलावर हा प्रयोग केला. त्याच्या दंडाचं हाड जंतुसंसर्गानं गेलं होतं. त्या काळी मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करताना हाडाच्या पाचरी कापून काढत. मॅकएवेननी त्याच पाचरींचे बारीक तुकडे करून या मुलाच्या दंडात रचले, आणि मुलाचा हात कामाला आला. इतरांच्या वाकड्या पायांतून एकाचा सरळ हात उभा राहिला. आज यासाठी ऊतीपेढ्या असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी १९८८ साली सुरू झाली. तिथं दान मिळालेलं हाड स्वच्छ करून, सुकवून, किरणोत्सर्गानं निर्जंतुक करून ठेवलं जातं. मात्र दान मिळेल तेवढंच हाड, आणि या प्रक्रियेत त्यातल्या पेशी जिवंत राहत नाहीत.

म्हणून माणूस बाहेरच्या पदार्थांकडे वळला. पहिला सहज सुचणारा पदार्थ म्हणजे धातू. सांध्यात किंवा सळईसाठी तो उत्तम आहे. पण पोलाद हाडापेक्षा साधारण दहापट ताठ असतं. सगळा भार तेच उचलतं, मग शेजारचं हाड वोल्फच्या नियमाप्रमाणे बिनकामाचं होतं आणि पातळ होत जातं. घरातला एकच माणूस सगळी कामं करू लागला की बाकीचे आळशी होतात, तसंच. शिवाय धातू तिथंच राहतो. त्याचं कधी हाड होत नाही.

मग हाडासारखाच पदार्थ का घेऊ नये? प्लास्टर ऑफ पॅरिस हाडाच्या बाहेरून लावतात हे आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्ये तेच हाडाच्या आतल्या पोकळीत भरून पाहिलं. शरीरानं ते सहन केलं. पण प्लास्टर काही आठवड्यांत विरघळून जातं, आणि नवं हाड यायला महिने लागतात. गवंडी दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत परांची कोसळावी, तसा प्रकार. याच्या उलट, हायड्रॉक्सिॲपेटाइट भट्टीत भाजून त्याचे ठोकळे केले तर ते हाडाला छान चिकटतात, पण वर्षानुवर्षं तसेच राहतात. इमारत पूर्ण झाली तरी परांची तिथंच. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट नावाचा भाऊबंद या दोघांच्या मधला. तो महिन्या-वर्षांच्या हिशोबानं विरघळतो. न्यूयॉर्कचे फ्रेड आल्बी यांनी १९२० सालीच तो प्राण्यांत वापरून पाहिला होता. आज अनेक दाणेदार पदार्थांत या दोन खनिजांचं मिश्रण असतं, म्हणजे थोडा भाग लवकर जावा आणि थोडा सावकाश.

इथं या सगळ्या शास्त्राचं मर्म लक्षात येतं. पदार्थ किती बळकट आहे, याच्याइतकंच तो केव्हा आणि कोणत्या वेगानं निघून जातो याला महत्त्व आहे. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग लवकर काढलं तर स्लॅब खाली येतो, आणि काढलंच नाही तर घरात राहता येत नाही. हाडाच्या परांचीला तर आणखी एक अट आहे. ती एकाच दिवशी काढून चालत नाही. जेवढं नवं हाड येईल तेवढीच तिनं मागं सरायची, आणि एकूण भार पेलण्याची ताकद कधीच कमी पडू द्यायची नाही.

दुसरी अट छिद्रांची. भरीव ठोकळ्यात पेशी शिरू शकत नाहीत, आणि रक्त नसेल तर शिरलेल्या पेशी मरतात. छिद्र निदान १०० मायक्रॉन रुंद लागतं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून थोडं जास्त. ३०० मायक्रॉन असेल तर रक्तवाहिन्या सुखानं वाढतात. शिवाय छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. थर्माकोलमध्येही पोकळी असते, पण प्रत्येक पोकळी बंद. पाणी आरपार जात नाही. हाडाला हवी स्पंजाची जाळी, किंवा चांगल्या अनारशाला पडते तशी. पण जाळी जितकी मोकळी तितका पदार्थ ठिसूळ. ताकद हवी तर छिद्रं कमी करा, जीव हवा तर छिद्रं वाढवा. या दोन मागण्यांच्या ओढाताणीत संशोधकांची पन्नासेक वर्षं गेली आहेत.

या वाटेवरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच एका परिषदेला बसनं चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. हेंच त्याला प्रखर किरणोत्सर्गात टिकणाऱ्या पदार्थांविषयी सांगत होते. त्यावर त्यानं साधारण अशा अर्थाचा प्रश्न केला, की तुम्ही किरणोत्सर्गात टिकणारा पदार्थ करता, मग माणसाच्या शरीरात टिकणारा का करत नाही? त्यानं हातपाय तोडावे लागलेले किती तरी तरुण पाहिले होते. हेंच यांनी तो प्रश्न मनावर घेतला. त्यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची एक काच तयार केली आणि १९६९ मध्ये ती उंदरांच्या हाडात बसवली. काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं की तुकडे ढकलले तरी निघत नाहीत, हाड त्यांना घट्ट चिकटलं आहे. शरीरातल्या द्रवात त्या काचेचा पृष्ठभाग विरघळून त्यावर हाडासारख्याच खनिजाचा थर जमत होता, आणि हाड त्या थराला आपलं मानत होतं. बाहेरचा पदार्थ हाडाशी असा सख्य करतो हे तेव्हा प्रथम स्पष्टपणे दिसलं. ही 'बायोग्लास' पुढं कानाच्या, दातांच्या आणि हाडांच्या उपचारांत वापरात आली.

काही संशोधकांनी तर वेगळाच विचार केला. इतकी अवघड जाळी आपण कशाला विणायची? निसर्गात ती कुठं तयार मिळते का पाहू. समुद्रातलं प्रवाळ पाहा. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही ते आहे. त्याचा सांगाडा म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छिद्रांची सुरेख जाळी, आणि काही जातींत ती छिद्रं माणसाच्या हाडातल्या छिद्रांएवढीच असतात. पण ते कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्या जातीचं. अमेरिकेत डेला रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७४ मध्ये दाखवलं, की उष्णता आणि दाब देऊन फॉस्फेटच्या द्रावणात ठेवलं तर प्रवाळाचं खनिज बदलून हायड्रॉक्सिॲपेटाइट होतं आणि जाळी मात्र तशीच राहते. त्यापासून केलेले तुकडे पुढं रुग्णांत वापरले गेले. मात्र प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आपल्याकडे २००१ पासून त्याला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. हाडासाठी समुद्र ओरबाडून चालणार नाही.

मला सर्वांत आवडलेलं उदाहरण इटलीतलं आहे. फाएन्झा हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या सरकारी सिरॅमिक संशोधन संस्थेत आन्ना ताम्पिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडापासून हाडाचा पदार्थ केला. २००९ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. अनेक लाकडं तपासल्यावर पसंत पडला तो वेत. खुर्च्या विणतात तोच वेत, आणि जुन्या मास्तरांच्या हातातला तोही वेतच. हाडं मोडायची धमकी देणारी छडी अखेर हाडांच्या कामी आली म्हणायची! वेताच्या कांडीत लांबीच्या दिशेनं सरळ नळ्या असतात, साधारण पाव मिलिमीटर रुंद, आणि त्यांना जोडणारी बारीक छिद्रं. टणक हाडात रक्तवाहिन्यांच्या नळ्या जवळजवळ अशाच असतात.

त्यांनी या वेताचं काय केलं ते ऐका. आधी हवा न देता तो भाजला. त्याचा कोळसा झाला, पण नळ्या तशाच राहिल्या. त्या कोळशावर कॅल्शियमची वाफ सोडली, तर त्याचं कॅल्शियम कार्बाइड झालं. हा तोच कार्बाइड, जो काही व्यापारी कायदा मोडून आंबे पिकवायला वापरतात. कार्बाइडला प्राणवायू दिला, त्याचा कळीचा चुना झाला. चुन्याला कार्बन डायॉक्साइड दिला, त्याचा खडूचा दगड झाला. आणि शेवटी फॉस्फेटच्या द्रावणात त्या दगडाचं हाडाचं खनिज झालं. वेत, कोळसा, कार्बाइड, चुना, खडू, हाड. पाच वेळा पदार्थ बदलला, पण वेताच्या झाडानं आखलेला नकाशा शेवटपर्यंत कायम राहिला. मेंढ्यांच्या हाडात हे तुकडे बसवले तेव्हा नव्या रक्तवाहिन्या आणि नवं हाड त्या नळ्यांतून वाढत गेलं. भट्टीत भाजून केलेला ठोकळा असा कधी होत नाही, कारण भाजल्यावर खनिजाचे स्फटिक मोठे आणि हट्टी होतात. इथं ते हाडातल्यासारखे बारीक राहतात, म्हणून पाडकाम करणाऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि हळूहळू पोखरतात.

खनिजाची बाजू अशी. प्रथिनाच्या बाजूनंही काम चालू आहे. कोलॅजनच्या स्पंजावर थेट खनिज जमवून, सिरक्याच्या प्रयोगात वेगळ्या झालेल्या दोन गोष्टी पुन्हा एकत्र आणता येतात. पॉलिलॅक्टिक आम्लासारखी प्लास्टिकंही वापरतात. आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले. त्याचं शेवटी लॅक्टिक आम्ल होतं, जे आपल्या स्नायूंतही तयार होतं. पण खूप आम्ल एका जागी साठलं तर आजूबाजूला दाह होतो, म्हणून त्यात आम्ल मारणारं खनिज मिसळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणाऱ्या सच्छिद्र रचनांवर काम झालं आहे. रेशीम चिवट आहे, सावकाश विरघळतं, आणि आपल्या देशात मुबलक आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनंही कॅल्शियम फॉस्फेटचे हाडाचे पदार्थ देशातच विकसित केले आहेत. आयात मालाची किंमत ज्यांनी भरली आहे त्यांना याचं मोल सांगायला नको.

आकाराची नक्कल झाली, घटकांची झाली. तिसरी नक्कल निरोपाची. लॉस एंजेलिसचे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. खनिज काढून टाकलेलं हाड त्यांनी सशाच्या स्नायूत ठेवलं, आणि जिथं हाडाचा संबंधच नाही तिथं नवं हाड तयार झालं. त्या मऊ हाडात काही प्रथिनं होती जी आसपासच्या पेशींना 'हाड व्हा' असा निरोप देत होती. पुढं हे प्रथिन कृत्रिमरीत्या तयार झालं, आणि कोलॅजनच्या स्पंजात भिजवून पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. मोठा गाजावाजा झाला. मग तक्रारी येऊ लागल्या. मानेजवळ वापरल्यावर घशाला धोकादायक सूज येते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनानं २००८ मध्ये दिला. नको त्या जागी हाड वाढल्याच्याही नोंदी होत्या. २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल' या नियतकालिकानं लिहिलं, की कंपनीशी संबंधित सुरुवातीच्या अहवालांत दुष्परिणाम फार कमी दाखवले गेले होते. शरीर ज्या प्रमाणात निरोप देतं त्याच्या कितीतरी पट मोठी मात्रा त्या स्पंजातून एकदम सुटत होती. कुजबुजून सांगायची गोष्ट भोंग्यावरून सांगितली, असं म्हणा. निरोप थोडा थोडा आणि योग्य वेळी देणारी परांची करणं हे आजच्या संशोधनाचं एक मोठं काम आहे.

आणखी एका गोष्टीविषयी मोकळेपणानं बोलायला हवं. हे पदार्थ कशापासून केलेले असतात? दातांच्या शस्त्रक्रियेत भरतात ती हाडाची भुकटी पुष्कळदा गोवंशाच्या हाडापासून केलेली असते. त्यावर झाकायचा कोलॅजनचा पापुद्रा कधी कधी डुकराचा असतो. आपल्याकडे एकाच आळीत एका घराला पहिली गोष्ट खटकेल, दुसऱ्या घराला, म्हणजे माझ्यासारख्याच्या घराला, दुसरी. हा प्रश्न आजचा नाही. ॲम्स्टरडॅमचे शल्यवैद्य योब फान मेकेरेन यांनी १६६८ मध्ये एक हकीकत नोंदवली आहे. एका रशियन सरदाराच्या कवटीला पडलेलं भोक कुत्र्याच्या हाडानं बुजवलं, आणि चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. बिचारा ते हाड काढून घ्यायला परत आला, तर ते इतकं जुळून गेलं होतं की काढता येईना!

जीव किंवा पाय वाचवायचा असेल तेव्हा काय चालतं, याचा विचार प्रत्येक धर्मातल्या जाणत्यांनी केलेला आहे, आणि निर्णय ज्याचा त्याचा. पण निर्णय घ्यायला माहिती लागते. खनिजापासून प्रयोगशाळेत केलेले पदार्थ, काच, रेशीम, वेत असे पर्याय वाढत आहेत. तेव्हा 'हे कशाचं आहे?' असं विचारायला संकोच करू नये, आणि डॉक्टरांनीही ते शस्त्रक्रियेच्या आधी सांगावं. अर्ध्या भुलीत सही घेणं म्हणजे संमती नव्हे.

आता प्रत्यक्ष परिस्थिती काय? मित्रहो, इथं मला उत्साहाला आवर घालायला हवा. लहान पोकळ्यांसाठी, दातांच्या कामासाठी, किंवा स्वतःचं हाड कमी पडलं तर त्यात मिसळण्यासाठी हे पदार्थ आज सर्रास वापरले जातात. पण नडगीतली मोठी पोकळी भरून काढायची तर अजूनही भर आहे तो शरीराकडूनच काम करून घेणाऱ्या पद्धतींवर. सायबेरियातल्या कुर्गान शहरात इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात शोधलेली कड्यांची पद्धत आहे. त्यात हाड कापून रोज एक मिलिमीटर ताणत नेतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. फ्रान्सचे मास्केले यांची पद्धत आहे. त्यात आधी पोकळीत सिमेंटचा गोळा ठेवतात, शरीर त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पापुद्रा विणतं, आणि सहा-आठ आठवड्यांनी गोळा काढून त्या पिशवीत हाडाचे कण भरतात. त्रिमितीय छपाईनं रुग्णाच्या मापाची परांची छापता येते हेही खरं. पण भार पेलणाऱ्या लांब हाडासाठी रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला पूर्ण पर्याय ठरेल असा पदार्थ अजून रुग्णालयाच्या कपाटात आलेला नाही. कुणी तशी खात्री देत असेल तर सावध राहावं.

आणि चांगल्यातली चांगली परांची असली तरी तीन गोष्टींवाचून ती व्यर्थ आहे. जागा स्थिर हवी, तिथं रक्त पोचायला हवं, आणि जंतुसंसर्ग नसावा. म्हणून तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरांना शांतपणे चार प्रश्न विचारा. रुग्णाचं स्वतःचं हाड वापरता येणार नाही का? हा पदार्थ कशापासून केला आहे? तो विरघळणार आहे की राहणार आहे, आणि किती दिवसांत? याच जागी, याच कारणासाठी तो माणसांत वापरून काय अनुभव आला आहे? शिवाय रुग्णानं बिडी-सिगारेट बंद करावी. धूम्रपानानं हाड जुळायला उशीर लागतो, कधी ते जुळतच नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि सांगतील तेवढा भार पायावर घ्यायला घाबरू नये, कारण भार हीच हाडाची भाषा आहे. हे सगळं फुकट आहे, आणि कोणत्याही महागड्या भुकटीइतकंच मोलाचं आहे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर ठरावीक महिन्यांनी एक्स-रे काढतात. पहिल्या चित्रात भरलेल्या पदार्थाचे दाणे वेगळे, पांढरे, उठून दिसतात. पुढच्या चित्रात त्यांच्या कडा धूसर झालेल्या असतात. वर्षा-दीड वर्षानं, सगळं नीट झालं असेल आणि पदार्थ विरघळणारा असेल, तर डॉक्टर ते चित्र उजेडासमोर धरतात आणि त्यांना दाणे शोधावे लागतात. तिथं आता हाड असतं, रुग्णाचं स्वतःचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)